आपल्या सरकारचं कुलूप

स्वराज्य मध्यरात्री आलं, हे आपल्याला पाठ आहे. पण तेव्हापासून तुम्ही कचेरीत कामाला किती वाजता लागता?

कचेरीत पोचता किती वाजता, ते विचारत नाही. खुर्चीच्या पाठीवर कोट कधी चढतो, तेही नाही. पहिल्या कागदावर पहिलं अक्षर कधी उमटतं, तेवढं सांगा.

दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्या घरचं सांगावं, म्हणून आमच्या कचेरीतल्या बडे बाबूंबद्दल, म्हणजे हेडक्लार्कबद्दल, लिहितो. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल की अमुक एक माणूस तसा होता, आणि तुम्ही सुटाल. मीही सुटेन. गोंदियातले जुने लोक त्यांना ओळखतील. त्यांनी ओळखून गप्प बसावं.

आमची कचेरी रेल्वेच्या रुळांपलीकडे, कौलारू छपराची, पुढे लांब व्हरांडा. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि त्या तलावांची व्यवस्था पाहायला ही कचेरी उघडली. मी तिथे कारकून म्हणून लागलो तेव्हा विशीत होतो. शाळेत असताना चळवळीची पत्रकं चोरून वाचली होती, मोठा झाल्यावर वाटली होती, मग लिहायलाही लागलो होतो. 'राबणाऱ्यांनो, जागे व्हा' हे शब्द मला रोजच्या भातासारखे सवयीचे होते. आता सरकार आपलं, कचेरी आपली, तिथे बसून जनतेची सेवा करायची, या तोऱ्यात मी पहिल्या दिवशी आत शिरलो.

बडे बाबू दारातच उभे होते. भोला शिपाई कुलूप काढेपर्यंत ते रोज असेच उभे असायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ते एकदाही उशिरा आले नाहीत आणि एकदाही लवकर गेले नाहीत. "उशिरा येते तो चोर आणि लवकर जाते तो भगोडा," असं ते म्हणत. आजारी पडले तरी गळ्याला मफलर गुंडाळून येत. त्यांच्या मते नोकरी म्हणजे हजर असणं. त्यापुढचं सगळं देवाच्या हाती.

हजर झाल्यावर ते टेबल पुसत. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. मग दौत उघडून शाई धोतराच्या जुन्या तुकड्यातून गाळून घेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "शाईत गाळ असते. गाळाच्या शाईने हुकूम लिहिला का हुकुमात गाळ येते. मग लोक म्हणतात, सरकार गढूळ आहे." मग टाकांची टोकं एकेक करून खिडकीच्या उजेडात धरायची. मग पान लावायचं. मग फाइल. फाइलीची दोरी ते असे अलगद सोडत की वाटावं आत झोपलेलं मूल आहे. वरचा कागद नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि दोरी पुन्हा बांधत.

"कच्ची आहे," म्हणत. "आंबा आढीत पिकतो, फाइल दप्तरात पिकते. घाईने काढली तर आंबटच लागणार."

त्यांची गाठ प्रसिद्ध होती. ती दुसऱ्या कोणाला सुटत नसे. ते रजेवर गेले असते तर कचेरी बंदच पडली असती, पण ते रजेवर जात नसत, म्हणून ती चालू आहे असं सगळ्यांना वाटे.

हे वाचून तुम्हाला हसू येत असेल. आम्हालाही येई. त्या हसण्याचीच मला आज लाज वाटते.

आम्ही त्यांच्यावर प्रेम का करत होतो, तेही सांगितलं पाहिजे. बेचाळीसच्या चळवळीत ते तहसिलीत कारकून होते. इकडच्या एका गावावर सामुदायिक दंड बसला आणि वसुलीच्या नोटिसा लिहायचं काम यांच्याकडे आलं. बडे बाबू लिहायला बसले आणि लिहीतच राहिले. अक्षर बिघडलं म्हणून कागद फाडला. शाई सांडली. नोटिसा तयार झाल्या तर त्याच नावाच्या दुसऱ्याच गावाला गेल्या, तिथून बोंबलत परत आल्या. साहेब भडकला, मग त्याची बदली झाली, नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून समजावावं लागलं. ते समजावण्याचं कामही बडे बाबूंचंच. त्या गावाकडून दंड कधीच वसूल झाला नाही.

"जेलात जायची आपली छाती नव्हती, बाबू," ते मला म्हणाले होते. "घरी तीन पोरी. म्हटलं, बसल्या जागेवरून लढू."

मी अक्षरशः भारावलो. मी त्यांच्यावर पत्रक काढलं, 'खुर्चीतला सत्याग्रही' या मथळ्याचं. पंधरा ऑगस्टला आमच्या चौकात त्यांना हार घालून ते वाचलं. त्यांनी ते पत्रक चौकटीत लावून घरी टांगलं. पण ज्याने आळसाचं हत्यार केलं होतं, त्याने लढाई संपल्यावर ते खाली ठेवायचं असतं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आम्ही त्या हत्याराला हार घालत बसलो.

दुपारच्या चहानंतर कचेरीत 'मुद्दा' निघे. हा बडे बाबूंचा शोध. चहा बशीत ओतून, फुंकर मारून, पहिला घोट घेऊन ते सगळ्यांकडे पाहत आणि म्हणत, "मुद्दा असा आहे." मग काहीही निघे. एका उन्हाळ्यात निघालं: उन्हाने रेल्वेचा रूळ लांबतो म्हणतात, मग उन्हाळ्यात गोंदियाहून नागपूर जास्त दूर पडते का नाही? यावर दोन दुपारी गेल्या. स्टेशनवरून एका लाइनमनला साक्षीला बोलावलं. भोला म्हणाला, "दूर पडत असन त तिकीट काऊन वाढत नाही?" त्यावर लाइनमनने दुसरा चहा मागितला.

व्हरांड्यात खेड्यातून आलेली माणसं उकिडवी बसलेली असायची. बडे बाबू त्यांना आत बोलवत, चहा देत, पंच करत. म्हणत, "सरकार तुमचं आहे, निकाल तुम्हीच द्या." माणसं लाजत, मग बोलत, मग हसत. संध्याकाळच्या गाडीने घरी जात. काम झालेलं नसे, पण कचेरीत आपल्याला चहा मिळाला, आपलं ऐकलं गेलं, याचाच आनंद असे. मालगुजाराच्या दारात त्यांना पायरीवरही बसू दिलं नव्हतं. मी तेव्हा याला लोकशाही म्हणत होतो.

मग एका वर्षी पाऊस दसऱ्याआधीच गेला. सोमाजी पहिल्यांदा आले ते त्या दिवसांत. सालेकशाकडच्या जंगलपट्टीतलं त्यांचं गाव. स्टेशनपर्यंत पायी, मग गाडी. पन्नाशीचा काटक माणूस, घरी बऱ्यापैकी धान पिकवणारा, डोक्यावर पांढरा दुपट्टा.

"नमस्कार, बाबूजी. आमच्या तऱ्याच्या तुडुमाचा हुकूम पायजे होता."

तरा म्हणजे तलाव. तलावाच्या पाळीत, धानाच्या बांध्यांना म्हणजे खाचरांना पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. मालगुजाराच्या काळात त्याला त्याचं कुलूप असे आणि ते त्याच्या मर्जीने उघडे. तलाव सरकारजमा झाल्यावर सरकारने तुडुमावर लोखंडी झाकण बसवून आपलं कुलूप घातलं. किल्ली आमच्या कचेरीत. साहेबाच्या सहीचा हुकूम निघाला की आमचा माणूस किल्ली घेऊन जाई. हुकूम चार ओळींचा असतो.

"धान पोटरीत हाय जी," सोमाजी सांगत होते. "आता निसवन, लोंबी येईन. या टायमाले पानी नाही भेटलं त दाना नाही भरत. आन तरा त भरून हाय."

"मग गावात काय म्हणतात?" बडे बाबूंनी विचारलं.

"पोरं म्हनून राहिले का कुलूप फोडू. एक घन मारला का झालं. मी म्हटलं, खबरदार. सरकार आपलं हाय, इचारून उघडू. मी जातो, हुकूम आनतो. माझ्या शब्दावर थांबले हायेत, जी."

मी मान वर करून पाहिलं. असा शेतकरी मला फक्त पत्रकांत भेटला होता.

"शाब्बास," बडे बाबू म्हणाले. "बसा, सोमाजी. गाव कोणतं म्हणालात? त्या गावचा तांदूळ माझ्या आजीने एकदा आणला होता. शिजला का शेजारच्या आळीत वास जात होता." मग तांदळाच्या वासावर बोलणं झालं, जुन्या जातींवर झालं, आजीवर झालं. शेवटी अर्ज हातात घेऊन त्यांनी तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

"पहिल्या दिवशी अर्जाले हात लावत नाही मी. अर्ज माजते."

सगळे हसले. सोमाजीही हसले. हसून गाडीला गेले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा हसत नव्हते. "धानाची पानं गुंडारून राहिली, बाबूजी." साहेब दौऱ्यावर होते, हे खरं होतं. हुकूम लिहून ठेवला असता तर आल्याबरोबर सही झाली असती, हेही खरं होतं. बडे बाबू म्हणाले, "साहेब येऊ द्या, मांडतो." मी माझ्या टेबलावर कचेरीच्या शाईने शेतकरी एकजुटीवर लेख लिहीत होतो. लेख चांगला जमला होता. मधूनच मान उचलून मी सोमाजींना विचारलं, "पाटील, तुमच्या गावात एकजूट आहे का हो?" ते म्हणाले, "हाय ना जी. म्हनून त थांबले." ते वाक्य मला आवडलं. मी ते लेखात घातलं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा साहेब शेजारच्या खोलीत होते. दुपारचा चहा झाला होता. बडे बाबूंनी सोमाजींचा अर्ज उचलला, पहिल्यांदाच नीट वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे," ते म्हणाले, "मुद्दा असा आहे. तलावातलं पाणी कोणाचं?"

खुर्च्या सरकल्या. असा मुद्दा कधी निघाला नव्हता. भोला म्हणाला, ज्याच्या डोक्यावर पडलं त्याचं. कोणी म्हणालं, पाळ बांधली त्याचं. त्यावर बडे बाबूंनी विचारलं, मग मालगुजाराच्या आज्याने पाळ बांधली, पाणी अजून त्याचंच का? कोणी म्हणालं, पाळ आज्याने कशाला, वेठीच्या बेगाऱ्यांनी बांधली. आवाज ऐकून साहेब दारात आले.

"क्या चल रहा है, बड़े बाबू?"

"कानून का सवाल है, साहब."

साहेब टेबलाच्या कडेवर टेकले. "पानी तो सरकार का है भाई. एक्ट में लिखा है."

मग मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. पाणी जनतेचं आहे, जनतेच्या घामाचं आहे, सरकार हे जनतेचं नोकर आहे, ज्या दिवशी नोकर धन्याच्या पाण्यावर कुलूप घालतो त्या दिवशी, वगैरे वगैरे. मी फार छान बोललो. साहेबही म्हणाले, "लड़का बोलता अच्छा है." आणि ती जनता दाराशी उकिडवी बसून बशीतला चहा पीत होती, तिच्याकडे मी बोलताना एकदाही पाहिलं नाही.

"आता पंच बोलतील," बडे बाबू म्हणाले. "सोमाजी, तुम्ही सांगा."

सोमाजींनी बशी खाली ठेवली, दुपट्टा सारखा केला आणि उठले. "कोनाचं ते मले नाही समजत, जी. वरतून पडलं तवा देवाचं होतं. तऱ्यात हाय तवा तुमचं हाय. बांधीत आलं का मंग धानाचं होते. मंग कोनाचंच नाही राहत."

 मग बडे बाबूंनी टेबलावर थाप मारली. "वा. निकाल झाला." साहेबांनी सोमाजींच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या खिशाला पेन होतं. कागद टेबलावर होता.

पाच वाजले. साहेब निघाले. बडे बाबूंनी अर्ज फाइलीत घातला आणि गाठ मारली.

"मंग हुकूम, जी?" सोमाजींनी विचारलं.

"उद्या पहिलं काम तुमचं. शब्द देतो. आज तुम्ही कचेरी जिंकली."

सोमाजी खूश होऊन गेले. उद्यापासून दसऱ्याची सुट्टी आहे, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. बडे बाबू त्या माणसाशी खोटं बोलले नाहीत. विसरले. आम्ही सगळेच विसरलो. यात खोटेपणा असता तर मला थोडं बरं वाटलं असतं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला बडे बाबूंच्या घरी गेलो. गोंदियालगतच्या कुडव्याच्या बाजूला त्यांचं घर, मागे परसबाग. ते विहिरीवरून पाणी शेंदून वांग्याच्या वाफ्यांना घालत होते. अंगात फक्त बनियन, कपाळावर घाम. इतक्या चपळाईने काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाफ्यात तण नाही, बांध रेघेत, प्रत्येक रोपाच्या बुडाशी ओल.

"बसा, बाबू, आलोच. सकाळ चुकली का रोप मान टाकते. आभाळाचा काही भरवसा नाही यंदा."

मी बसलो. आम्ही आपट्याची पानं दिली-घेतली, चिवडा खाल्ला, माझ्या पत्रकाच्या चौकटीवर माश्या बसतात म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली. यंदा पाऊस लवकर गेला, यावर आम्ही चांगला वेळ बोललो. सोमाजींची आठवण दोघांनाही झाली नाही. त्यांची बादली माझ्यासमोर तीन-चारदा भरून रिकामी झाली, तरी नाही.

सुट्टी संपली. बडे बाबूंनी शब्द पाळला. पहिल्याच दिवशी, पहिलंच काम म्हणून, शाई गाळून, सोमाजींचा हुकूम लिहिला. आमचा माणूस किल्ली घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, "पानी सोडलं जी. पर लोक पाहायले नाही आले." एवढंच म्हणाला. आम्ही जास्त विचारलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी सोमाजी पुन्हा आले. या वेळी आत यायला सांगावं लागलं. बडे बाबूंनी चहा मागवला. सोमाजींनी तो खाली ठेवला.

"हुकूम पायजे होता, जी."

"कशाचा आता? तुडूम तर उघडलं ना?"

"ते बंद कराचा. पानी वाया जाऊन राहिलं. धानाचा बदरा झाला, नुसते टरफलं. मेलेल्या बांधीत पानी जाऊन राहिलं. थोडंबहुत उरलं त उन्हाळ्यात ढोरं पितीन."

 मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला, कारण मला कोणावर तरी रागावायचं होतं. "सोमाजी, पण तुम्ही कुलूप का नाही फोडलं? समोर धान मरत होतं. काऊन नाही फोडलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मालगुजाराचं होतं तवा फोडलं ना, जी. दोन खेपा. पोलीस उभा होता तरी फोडलं. पाठीवर वळ हायेत अजून. पन हे कुलूप आपल्या सरकारचं. आपल्या घरचं कुलूप कोन फोडते? मी गावाले तेच म्हटलं. घरचं कुलूप हाय, घरचा मानूस येते आन उघडते."

"मग बंद करायला तरी हुकूम कशाला? झाकण लावून टाकायचं."

"तुमी उघडलं त तुमीच बंद करा, जी. आमी हात लावला त चोरी होईन."

बडे बाबू उठले. टेबल पुसलेलं नव्हतं. दौतीतली शाई कालची, न गाळलेली. त्यांनी कोरा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, स्वतः साहेबांच्या खोलीत गेले, सही घेऊन बाहेर आले आणि कागद सोमाजींच्या हातात दिला. भोलाने आणलेल्या चहातून अजून वाफ निघत होती.

सोमाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग चहाकडे पाहिलं. मग विचारलं, "एवढंच काम होतं का, जी?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांची समजूत होती की सरकारचं काम मोठं असतं, त्याला वेळ लागतो, मोठी माणसं विचार करतात. गावाला ते हेच समजावत होते.  बडे बाबू खिडकीकडे तोंड करून टाकाची टोकं उजेडात पाहू लागले. हातात एकही टाक नव्हता.

मी इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. बडे बाबू सुधारले, असं तुम्ही समजला असता. सुधारले ते काही दिवस. आल्याबरोबर फाइल काढत, लिहीत, घामाघूम होत. दोरी बांधेनात. आम्हाला त्यांची भीती वाटू लागली, कारण ते लिहू लागले की आम्हालाही लिहावं लागे. चहा गप्प बसून प्यावा लागे. थंडीच्या एका दुपारी कोणीतरी म्हणालं, "बडे बाबू, आजकाल मुद्दा नाही निघत." कोण म्हणालं ते मला आठवतं, पण सांगून उपयोग नाही, कारण सगळ्यांनीच माना वर केल्या होत्या. मीसुद्धा. बडे बाबूंनी आमच्याकडे पाहिलं. टाक खाली ठेवला. मग बशीत चहा ओतला.

लाजेने माणूस बदलतो, असं मी पूर्वी पत्रकांत लिहीत असे. आता लिहीत नाही. लाज चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी कोणीतरी चहा मागवतो.

पुढच्या वर्षी सोमाजींच्या गावाहून अर्ज आला नाही. पोरांनी कुलूप फोडलं. सोमाजी आडवे गेले तर त्यांना बाजूला सारलं. वरच्या आळीचं खालच्या आळीशी पाण्यावरून भांडण झालं, वाटून घ्यायला कोणी थांबलं नाही, आणि अर्ध्या धानाला पोचण्याआधीच तलाव आटला. सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची केस झाली. तिची फाइल आमच्याकडे आली आणि फार फार दिवस पिकत राहिली. तारखेला आलेल्या एका पोराला मी व्हरांड्यात विचारलं, "सोमाजी कसे आहेत?" तो म्हणाला, "हायेत. आता त्यायचं कोनी आयकत नाही." मग माझ्या हातातल्या कपाकडे पाहून म्हणाला, "तुमाले कामधंदा हाय का नाही, का पिऊनच राहता?" बडे बाबूंना ते ऐकू गेलं. त्या दिवशी मुद्दा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला.

धान पुढच्या साली पुन्हा येतं. गेलं ते धानापेक्षा मोठं होतं. एका गावात एक माणूस होता जो घण उगारलेल्या हाताला धरून म्हणत होता, थांबा, सरकार आपलं आहे. त्याला आम्ही खोटं पाडलं. इंग्रजाला जे जमलं नव्हतं, पाठीवर वळ उठवूनही जमलं नव्हतं, ते आम्ही चहा पाजून केलं.

बडे बाबू आता निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर दुसरे बसतात, त्यांच्याही खुबी आहेत. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, कचेरीवरची पाटी बदलली, व्हरांडा आहे तसाच आहे. मीही तिथेच आहे. राजीनामा देऊन पत्रकं लिहायला मोकळा झालो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालेलं नाही. म्हणून हे उपदेश म्हणून घेऊ नका. माझ्यासारख्याच, पगार घेऊन टेबलाशी बसणाऱ्या माणसाला मी हे लिहीत आहे.

माझं एकच मागणं आहे. उद्या कचेरीत गेल्यावर बसण्याआधी व्हरांड्यात जा. तिथे उकिडव्या बसलेल्या माणसांत एक जण असा असेल, जो गावाला थांबवून आला आहे. तो तोंडाने तसं सांगणार नाही, तुम्हाला विचारावं लागेल: तुमच्या शब्दावर घरी कोण थांबलं आहे? एवढं विचारा. त्याला चहा देऊ नका, त्याच्याशी गोड बोलू नका. त्याचा कागद घ्या, चार ओळी लिहा, सही आणा आणि दुपारच्या गाडीने त्याला घरी पाठवा, म्हणजे गावात शिरताना त्याला मान वर करून सांगता येईल की मी म्हटलं नव्हतं का.